घरचा उद्योग आणि ओळखीचा गोतावळा

मैत्रिणींनो, एक सोपा हिशेब करून बघा. तुमच्या इमारतीत, चाळीत किंवा आळीत घरबसल्या काही ना काही करून चार पैसे गाठीला बांधणाऱ्या किती जणी आहेत? आमच्या पनवेलच्या इमारतीत मी मोजू लागले, तर दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. तळमजल्यावर ब्लाऊज शिवणाऱ्या दोघी, त्यांच्या शेजारी फॉल-पिको करणाऱ्या वहिनी, पहिल्या मजल्यावर जेवणाचे डबे देणाऱ्या काकू, वर दिवाळीचा फराळ, गणपतीचे उकडीचे मोदक, लग्नाचं रुखवत, मेंदी, क्रोशाची तोरणं, साड्या आणि मुलांच्या शिकवण्या. अकरा उद्योग एका छपराखाली!

आता पुढचा प्रश्न. या अकराजणींचं गिऱ्हाईक कोण? तर त्याच इमारतीतली आणि समोरच्या दोन इमारतींतली वीस-पंचवीस घरं. मोदकवाली फॉलवालीकडून फॉल लावून घेते, फॉलवाली दिवाळीत तिच्याकडून चकली घेते, आणि दोघींच्या मुली तिसरीकडे शिकवणीला जातात. फिरून फिरून तेच रुपये याच जिन्यात वरखाली होतात. हाताला चव आहे, सुईला सफाई आहे, पहाटे उठायची तयारी आहे, आणि तरी पाच वर्षांपूर्वी जेवढ्या ऑर्डरी होत्या तेवढ्याच आज आहेत. मग घरात कुणीतरी म्हणतं, "एवढा जीव काढून मिळतं काय त्यात? सोडून दे ना!" आणि बिचारी सोडूनही देते.

खरं सांगायचं तर कमी पडते ती मेहनत नाही, कमी पडते ती ओळख. हल्ली मोठमोठे व्यावसायिक याला ‘नेटवर्किंग’ म्हणतात, हॉटेलांत सकाळी नाश्त्याला जमून एकमेकांची कार्डं घेतात. नाव नवं असलं तरी वस्तू जुनीच आहे, आणि ती आपल्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त जमते. फक्त आपण ती हळदीकुंकवापुरती ठेवतो, उद्योगाला लावत नाही.

लांबच्या ओळखीचं मोल

आपल्याला वाटतं, धंद्याला जवळची माणसं उपयोगी पडतात. बहीण, जाऊ, शेजारीण. सुरुवातीला पडतातही. पहिला लाडू त्याच चाखतात आणि "मीठ जरा कमी झालं हं" असं त्याच सांगतात. पण तुमची जवळची माणसं आणि तुम्ही एकाच वर्तुळात फिरत असता. तुम्हाला जे ठाऊक तेच त्यांना ठाऊक, तुम्ही ज्यांना ओळखता त्यांनाच त्याही ओळखतात. नवी बातमी येणार कुठून?

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली याच विषयावर एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. बॉस्टनजवळच्या एका गावात ज्यांनी नोकरी बदलली होती अशा लोकांना त्याने विचारलं, की नव्या नोकरीची बातमी तुम्हाला दिली कुणी? ज्यांना ती ओळखीतून मिळाली होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती रोजच्या भेटीतल्या जिवलगांनी दिलेली नव्हती. ती दिली होती अधूनमधून भेटणाऱ्यांनी, जुन्या कामातल्या सोबत्याने, वर्षा-दोन वर्षांनी गाठ पडलेल्या परिचिताने. कारण साधं आहे. लांबची ओळख दुसऱ्या वर्तुळात वावरते आणि तिथली बातमी तुमच्यापर्यंत आणते.

आता आपल्याकडे बघा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण किती घरांची पायरी चढतो! श्रावणात मंगळागौरी, वर्षभर भजनी मंडळ, महिन्याची भिशी, लोकलचा बायकांचा डबा आणि शाळेचं फाटक. एवढ्या लांबच्या ओळखी एखाद्या कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडेही नसतील. मात्र त्या बायकांना आपण काय करतो हे माहीतच नसतं! "सध्या काय चाललंय?" असं कुणी विचारलं, की आपण म्हणतो, "काही नाही हो, घरीच असते." अहो, रोज अठरा डबे भरून देणारी बाई ‘घरीच असते’ कशी?

शाळेच्या फाटकाशी

मी अर्धवेळ शाळेत शिकवते, त्यामुळे फाटकाशी उभ्या असलेल्या आया रोज बघते. गेल्या काही वर्षांत पनवेल केवढं बदललं! गाव होतं तिथे २०१६ साली महानगरपालिका आली. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर मिळून एक मोठं शहर झालं. सातारा, सांगली, जळगाव, नांदेड, कुठकुठून कुटुंबं येऊन राहिली. फाटकाशी उभ्या असलेल्या या आयांना एकमेकींची नावंही धड ठाऊक नसतात. ही ‘ओंकारची आई’, ती ‘सईची आई’.

एका वर्षी स्नेहसंमेलनात कोळीनृत्य बसवलं. बेचाळीस मुली आणि हातात पंधरा दिवस. पालकांपैकी एक बाई शिवणकाम करतात हे मला माहीत होतं, म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी मनाशी हिशेब केला. एकटीने रात्री जागून जागून चौदा-पंधरा पोशाख होतील. अशा वेळी आपण बहुतेकजणी काय करतो? "एवढं नाही हो झेपायचं" म्हणून काम परत करतो. या बाईंनी एक दिवसाची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या दोघींना घेऊनच. एक त्यांच्या जुन्या शिवणवर्गातली, आणि दुसरी, गंमत बघा, लोकलमध्ये ओळख झालेली! कापड आणायला मुंबईला जाताना दोन-तीनदा शेजारी बसलेल्या, बोलता बोलता एकमेकींचा धंदा कळलेला, फोन नंबर घेऊन ठेवलेला. तिघींनी वाटणी केली. कापड एकदम घाऊक भावाने आणलं. बेतायचं आणि कापायचं काम एकीनेच केलं, म्हणजे सगळे पोशाख एका मापात यावेत. शिलाई तिघींत वाटली, जरीचे काठ लावायला आमच्या फॉल-पिकोवाल्या वहिनी घेतल्या. नगामागे किती कुणाला, हे कामाआधीच वहीत लिहिलं. बेचाळीस पोशाख दोन दिवस आधी शाळेत आले.

एकटीने पंधरा पोशाख शिवले असते, तर पंधराचेच पैसे मिळाले असते आणि पुढच्या वर्षी शाळेने मोठा शिंपी शोधला असता. आता तिघी मिळून दोन-तीन शाळांची कामं घेतात. त्यातली एकही ऑर्डर सख्ख्या नात्यातून आलेली नाही.

आजारपणात कळतं

ऑर्डरी वाढतात हे खरंच, पण गोतावळ्याचा त्याहून मोठा उपयोग अडचणीच्या दिवसांत कळतो. घरच्या उद्योगात बदली कामगार नसतो. तुम्ही आडव्या झालात की धंदा आडवा.

माझ्या माहितीतल्या दोन डबेवाल्या आहेत. पहिलीला टायफॉइड झाला. तीन आठवडे अंथरुणात. तिची गिऱ्हाइकं म्हणजे इंजिनिअरिंगची मुलं आणि दवाखान्यातल्या परिचारिका. ती उपाशी थोडीच राहणार? त्यांनी दुसरीकडे डबा लावला. बाई बऱ्या होऊन उठल्या, तेव्हा अठरांपैकी पाच डबे शिल्लक होते. पातेली घासून माळ्यावर गेली ती कायमची. त्या पैशांवर मुलाची क्लासची फी चालायची, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुसरीचा हात भाजला, तोही चांगला महिनाभर. पण तिने आधीच दुसऱ्या एका डबेवालीशी बोलून ठेवलं होतं, "तुझी अडचण ती माझी, माझी ती तुझी. गिऱ्हाईक ज्याचं त्याचं." महिनाभर दुसऱ्या बाईने डबे दिले आणि त्या महिन्याचे पैसे तिनेच घेतले. हात बरा झाल्यावर एकूण एक डबा मूळ मालकिणीकडे परत आला. डबे देणारी ती दुसरी कोण? तिची ‘स्पर्धक’! आपण जिला बघून नाक मुरडतो, तीच आपला विमा असू शकते.

गिरणगावच्या खाणावळवाल्या

हे सगळं लहानशा गावच्या गप्पा वाटतील, म्हणून दोन मोठी उदाहरणं देते. पहिलं मुंबईच्या गिरणगावातलं. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकटे राहायचे, आणि लालबाग-परळच्या चाळींतल्या बायका त्यांना जेवू घालायच्या. अशा बायका हजारो होत्या. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, महिनाभर धान्य आणायचं कुठून? वाण्याकडून उधारीवर. उधारीचा भाव चढा, माल वाणी देईल तो, आणि फारच अडलं तर मंगळसूत्र सावकाराकडे. बाई दिवसभर चुलीपुढे, आणि नफा वाण्याच्या गल्ल्यात.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ सुरू केलं. प्रेमाताई कामगार चळवळीतल्या, त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेतले नेते. म्हणजे त्या घराची एक ओळख गिरणगावच्या चुलीशी आणि दुसरी बँकेच्या काउंटरशी. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना कर्ज द्या असं धोरण होतं, पण खाणावळवालीला बँकेची पायरी कोण चढू देणार? तारण काय, तर काही नाही. तेव्हा गटातल्या बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. आज आपण बचत गटात जे करतो, तेच. बँकेचं कर्ज मिळालं, वाण्याची चढ्या भावाची उधारी सुटू लागली, धान्य रोखीने घेता येऊ लागलं.

यातली गोम लक्षात घ्या. या बायका आधीही एकाच चाळीत राहत होत्या, नळावर रोज भेटत होत्या. पण त्या भेटी शेजारणींच्या होत्या. एकीच्या फेडीची हमी दुसरीने घेतली, तेव्हा त्या ओळखीला बाजारात किंमत आली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिऱ्हाइकाच्या हातचा पगारच गेला. एकट्यादुकट्या बाईच्या आवाक्यातलं हे संकट नव्हतं. संस्था होती म्हणून अनेकींना स्वयंपाकाची दुसरी कामं, मोठ्या ऑर्डरी घेता आल्या. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

ऐंशी रुपयांचे पापड

दुसरं उदाहरण तुमच्या डब्यातच असेल. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ऐंशी रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. ती विकली कुठे? भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. हेच पुढे ‘लिज्जत पापड’ झालं.

सात जणींच्या हाती सुरुवातीला एवढंच होतं: एक उसनवार देणारा, एक माल घेणारा आणि एकमेकींचा शब्द. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. पापड वाळले, काम चालू राहिलं! ही युक्ती आपल्याच स्वयंपाकघरातली नाही का?

सुरुवातीला त्या एक भारी आणि एक स्वस्त असा दोन प्रतींचा पापड करत. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, चांगली, आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. पद्धत साधी बसवली. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत द्यायचं आणि लाटणावळ हातात घ्यायची. दर्जा एकच, दर एकच, सगळ्या एकमेकींच्या ‘बहिणी’ आणि नफ्यात सगळ्यांचा वाटा. आज या संस्थेत सुमारे ४५ हजार बहिणी आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आणि आपल्या शेजारचं पेण? गोव्याच्या रस्त्याला लागलं की तासाभराची वाट. पेण, हमरापूर, जोहे या गावांत घराघरांच्या पडव्यांत गणपती घडतात. एकाकडे साचे, दुसऱ्याकडे रंगकाम, तिसऱ्याचा हात डोळ्यांच्या आखणीवर बसलेला. रंगकामात बायकांचे हातही असतात. न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती गावोगावच्या कारागिरांकडे जातात. एकाच घराने सगळं करायचं ठरवलं असतं, तर एवढा मोठा व्यवसाय उभाच राहिला नसता.

आपण सुरुवात कशी करावी?

लिज्जतएवढं मोठं व्हायला नको, पण आळीबाहेर तर पडू या. व्यावसायिकांच्या ज्या संघटना आहेत, त्यांच्या रीती थोड्या उचलाव्यात. बीएनआय नावाची संघटना १९८५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि आज आपल्याकडेही तिचे गट आहेत. तिचा नियम असा, की एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद, म्हणजे आपसात चढाओढ नाही. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबमध्येही ठरलेल्या दिवशी जमून एकमेकांना कामं मिळवून देण्याचीच रीत आहे. त्यांची वर्गणी आणि सकाळच्या वेळा आपल्यातल्या अनेकींना परवडायच्या नाहीत. न का परवडेना! रीत तर फुकट आहे.

१. वेगवेगळे उद्योग करणाऱ्या आठ-दहा जणी जमवा. त्यांतल्या निम्म्या तरी तुमच्या इमारतीबाहेरच्या असू द्या. एक जुन्या पनवेलची, एक खारघरची, एक कामोठ्याची असली तर दहा नवी वर्तुळं जोडली जातात.

२. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दीड तास भेटा. चहा आणि एकच पदार्थ. नाहीतर दर खेपेला बेत वाढत जातो आणि भेट बंद पडते. भिशीचा अनुभव आहेच!

३. प्रत्येकीने दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगायच्या: मी काय करते, माझा दर काय, आणि मला या महिन्यात कशा प्रकारचं गिऱ्हाईक हवं आहे. "काहीही असलं तर सांगा" असं म्हणू नका, ते कुणाच्याच ध्यानात राहत नाही. "बारशासाठी पन्नास पुरणपोळ्यांची ऑर्डर हवी आहे" असं म्हणा, म्हणजे बारसं निघालं की तुमचंच नाव आठवेल.

४. आपल्याला न झेपणारी ऑर्डर परत पाठवू नका, गटातल्या दुसरीकडे पाठवा. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला रुखवत कुठे हे कळतं, रुखवतवालीला मेंदी कुणाला हवी ते कळतं. एका लग्नघरात आपल्या गटातल्या पाचजणींचं काम असतं.

५. कच्चा माल एकत्र घ्या. दिवाळीला चौघींना मिळून बेसन, तूप, खोबरं किती लागेल याची यादी करून घाऊक बाजारातून आणलं, तर किरकोळ भावातला फरक तुमच्या घरात राहतो.

६. व्हॉट्सअॅपचा गट जरूर करा, पण तो ऑर्डरींपुरताच ठेवा. ‘शुभ सकाळ’च्या फुलांत कामाचा निरोप हरवतो.

७. कागदपत्रांत एकमेकींना मदत करा. १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर तिला एक पैसा लागत नाही, तेव्हा त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांना, घरून विकत असलं तरी, अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. गटातल्या एकीने करून घेतली की बाकीच्यांना वाट माहीत होते. बचत गटात असाल तर ‘माविम’ची, म्हणजे १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाची चौकशी करा. बचत गटांच्या मालासाठी महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शनंही भरतात. तिथे विक्री होते ती होतेच, पण परगावच्या बायकांच्या ओळखी घेऊन या, त्या वर्षभर पुरतात.

पैशांचं बोलायचं कसं?

सगळ्यात मोठी अडचण ही, नाही का? ओळख वाढली की संकोचही वाढतो. "तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे गं!" हे आपल्या तोंडून सवयीने निघतं, आणि समोरची खरंच देत नाही. शिवाय "घरच्या घरी तर करतेस, तुला कुठे दुकानाचं भाडं आहे?" हेही ऐकून घ्यावं लागतं. गॅस, वीज, तुमचे चार तास, त्यांना मोल नाही?

यावर उपाय म्हणजे छापील किंवा सुवाच्य अक्षरात लिहिलेलं दरपत्रक. तोंडाने सांगताना जीभ अडखळते, कागद अडखळत नाही. ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर दरपत्रकावर जितकी लिहिली तितकीच द्या. मोठ्या ऑर्डरीला निम्मे पैसे आगाऊ घ्या. आणि गटातल्या दोघी एकच पदार्थ करत असतील तर दर पाडून एकमेकींचं गिऱ्हाईक ओढू नका. आज तुम्ही चकलीचे वीस रुपये कमी केलेत, उद्या ती तीस करेल. दोघींच्या घामाची किंमत उतरेल आणि फायदा तिसऱ्याचा होईल.

आणखी एक जबाबदारी आहे. तुम्ही मैत्रिणीचं नाव पुढे करता, तेव्हा स्वतःचा शब्द गहाण टाकता. म्हणून जिचं काम डोळ्यांनी पाहिलं आहे, तिचंच नाव सांगा. काम वेळेवर झालं की नाही याची विचारपूसही करा. ज्या ओळखीतून एकदा आंबलेली पुरणपोळी आली, तिच्यातून पुन्हा काही मागवलं जात नाही.

साखळीपासून सावध!

नेटवर्किंग या गोड नावाखाली आपल्या दारात आणखी एक पाहुणी येते. "ताई, फक्त तीन जणींना जोडा, त्या आणखी तीन जणींना जोडतील, तुम्हाला घरबसल्या कमाई." हातात महागड्या पावडरींचा डबा, आधी पैसे भरायचे, आणि मिळकत मालाच्या विक्रीपेक्षा नव्या सभासदांच्या पैशांतून. हा आपला गोतावळा नव्हे, ही साखळी. पैसे फिरवणाऱ्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ मधल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना मनाई केली आहे. तरी चेहरे बदलून त्या येतातच.

ओळखायची खूण सोपी आहे. चांगल्या गोतावळ्यात मैत्रीण तुमच्याकडे गिऱ्हाईक आणते. साखळीत मैत्रिणीलाच गिऱ्हाईक करतात. शेवटी पैसे जातात ते जातातच, पण ज्या बहिणीला, जावेला, शेजारणीला आपण ओढलं, तिच्यापुढे नजर वर करता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ओळखी चार महिन्यांत नासतात.

मैत्रिणींनो, आपल्या आईने, सासूने माणसं जोडली. कुणाच्या बाळंतपणाला धावल्या, कुणाच्या मुंजीला लाडू वळून दिले. त्या सगळ्या जोडण्याचा हिशेब कुठल्या वहीत नव्हता, आणि त्यांच्या हातच्या कामालाही कुणी काम म्हटलं नाही. आपण एक पाऊल पुढे जायचं आहे, एवढंच. माणसं तशीच जोडायची, धावूनही जायचं, पण आपल्या कामाचं नाव घ्यायला लाजायचं नाही. पुढच्या हळदीकुंकवाला वाण लुटाल तेव्हा नव्याने भेटलेल्या बाईला विचारा, "तुम्ही काय करता?" ती म्हणेल, "काही नाही हो, घरीच असते." तेव्हा तिथेच सोडून देऊ नका. तिच्या हातात काय कला आहे ते विचारा, आणि तुमच्या हातात काय आहे तेही तिला सांगा.